१३१६ दिवस: रोमन रेन्सचे राज्य मोठे होते की नुसते लांबले होते?

गोदाकाठचा

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आम्ही चार मित्र गंगापूर रोडला मिसळ खायला बसलो होतो आणि बोलता बोलता डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्तीच्या कार्यक्रमातल्या रोमन रेन्सचा विषय निघाला. रश्श्याची दुसरी वाटी येईपर्यंत आवाज इतके चढले की शेजारच्या टेबलावरच्या काकांनी, "हे रोमन कोणत्या वॉर्डातून उभे आहेत?" असे विचारले. वाद तेथे मिटला नाही, म्हणून येथे आणला आहे.

मधल्या काळात ज्यांनी पाहणे सोडले होते त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. ३० ऑगस्ट २०२० रोजी पेबॅक या कार्यक्रमात ब्रॉन स्ट्रोमन आणि ब्रे वायट यांच्याबरोबरच्या तिरंगी लढतीत रोमनने युनिव्हर्सल चॅम्पियनशिप जिंकली. ते दोघे एकमेकांना बडवून रिंगसकट कोसळले, तेव्हा हा पठ्ठ्या आपला सल्लागार आणि भाट पॉल हेमनला घेऊन सावकाश चालत आला, करारावर सही केली आणि मग आत शिरला. पुढची साडेतीन वर्षे तो कसा वागणार आहे हे त्या एका सहीत कळून चुकले होते. ३ एप्रिल २०२२ रोजी रेसलमेनिया ३८ या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात ब्रॉक लेस्नरला हरवून त्याने दुसरा पट्टाही, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियनशिपही, खांद्यावर घेतला आणि ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियात कोडी रोड्सने त्याला चीत करेपर्यंत तो चॅम्पियन राहिला.

माझे म्हणणे असे आहे की या १३१६ दिवसांत एक नव्हे, दोन राज्ये होती. पहिले १८ फेब्रुवारी २०२३ पर्यंतचे, आणि त्याच्या तोडीचे काही मी तरी पाहिलेले नाही. त्या रात्री मॉन्ट्रियलमध्ये, स्वतःच्या गावच्या लोकांसमोर, सॅमी झेन रोमनपुढे उभा होता. रोमनच्या हाताखाली महिनोन्‌महिने मान खाली घालून वावरलेल्या आणि अखेर त्याच्याच पाठीत खुर्ची घालून बाहेर पडलेल्या माणसाने तेथे पट्टा जिंकला असता, तर कथा आपल्या सर्वोच्च जागी संपली असती. तो हरला, आणि त्यानंतरचे तेरा-चौदा महिने मला केवळ दिवस मोजण्यासाठी ओढल्यासारखे वाटले. आपल्याला काय वाटते?

सिडकोचा स्पिअर

साफ असहमत. सॅमीवर माझेही प्रेम आहे, पण त्याला पट्ट्याची गरज नव्हती. त्याचे आणि त्याच्या जुन्या मित्राचे, केव्हिन ओवेन्सचे, दुखणे त्याच वर्षी रेसलमेनिया ३९ च्या पहिल्या रात्री, रोमनच्या भाऊबंदांकडून, जुळ्या उसो बंधूंकडून, टॅग टीमचे म्हणजे जोडीच्या लढतीचे पट्टे घेतल्यावर मिटले, आणि तोच त्या कथेचा खरा शेवट होता. राज्य संपायचेच होते तर ते दुसऱ्या रात्री, लॉस एंजेलिसला, कोडीच्या हातून संपायला हवे होते. छातीचा स्नायू फाटून काळानिळा पडलेला असताना जो माणूस २०२२ च्या हेल इन अ सेल या पिंजऱ्यातल्या लढतीत उतरला, जो परत येऊन रॉयल रंबल ही तीस जणांची लढत जिंकला, त्याला उसोंचा धाकटा भाऊ सोलो सिकोआ याने मध्येच येऊन खुपसलेल्या एका अंगठ्याने हरवले. सोमवारी सकाळी कंपनीची बस पकडण्याच्या घाईत मी ते पाहिले आणि अंबडला पोहोचेपर्यंत शेजारी बसलेल्या माणसाशी एक शब्द बोललो नाही.

पंचवटीकर

मिसळ कोठली होती ते आधी सांगावे. त्यावरून धागाकर्त्याच्या मताला किती किंमत द्यायची ते ठरवता येईल.

भगूरचा पैलवान

मी लहानपणापासून तालमीत गेलेलो आहे, त्यामुळे या विषयावर बोलावे की नाही असा प्रश्न पडला होता. आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नूरा कुस्ती म्हणतात आणि ती करणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. डब्ल्यूडब्ल्यूईला मी त्या मापाने मोजत नाही, कारण तेथे फसवणूक नाही. निकाल ठरलेला आहे हे पाहणाऱ्यालाही ठाऊक असते. नाटकातला राजा मेला म्हणून कोणी तेराव्याला जात नाही.

मला खटकते ते दिवस मोजणे. महाराष्ट्र केसरीची गदा एकदा मिळाली की ती कायमची तुमची. पण पुढच्या वर्षी पुन्हा केसरी म्हणवून घ्यायचे असेल तर पुन्हा उतरायचे, मॅटवर नाहीतर मातीत आपल्या गटातून वर यायचे आणि पुन्हा जिंकायचे. नरसिंग यादव २०११ ते २०१३ आणि विजय चौधरी २०१४ ते २०१६ असे सलग तीन-तीन वेळा केसरी झाले. त्यांची थोरवी सांगताना आम्ही किती दिवस गदा होती असे म्हणत नाही, किती वेळा जिंकली असे म्हणतो. रोमनबद्दल एकच आकडा सांगितला जातो, तो दिवसांचा. किती कुस्त्या केल्या, कोणाशी केल्या आणि त्यांतल्या किती एकट्याने जिंकल्या, हे कोणी सांगेल काय?

कॉलेजरोडचा वाचक

पैलवानांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. दिवसांच्या यादीत सर्वांत वर ब्रुनो सामार्टिनो आहे. १७ मे १९६३ ते १८ जानेवारी १९७१ असे २८०३ दिवस. हल्क होगनचे पहिले राज्य १९८४ ते १९८८ मध्ये १४७४ दिवस चालले. त्यांच्या तुलनेत रोमनचे १३१६ कमीच आहेत. मात्र होगननंतरच्या काळात इतके दिवस या कंपनीचा मुख्य पट्टा कोणाकडे राहिलेला नाही. सीएम पंकचे ४३४ आणि लेस्नरचे ५०४ दिवस ऐकून आपण चकित होत असू, तर १३१६ म्हणजे काय हे लक्षात यावे.

परंतु सामार्टिनोचा काळ निराळा होता. तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नेमाने उतरत असे, लोक तिकीट काढून त्यालाच पाहायला येत असत आणि दर आठवड्याला दूरचित्रवाणीवर कथा पुढे सरकवण्याचे ओझे आजच्याइतके नव्हते. तो इव्हान कोलॉफकडून हरला तेव्हा सभागृह इतके चिडीचूप झाले की आपल्या कानांनाच काही झाले की काय असे त्याला वाटले होते. रोमनची कसोटी याहून वेगळी आहे. एकच माणूस दर शुक्रवारच्या कार्यक्रमात जिंकतो आहे असे दिसत असताना लोकांना साडेतीन वर्षे बांधून ठेवायचे होते.

आता झुंजी. रेसलमेनिया ३९ ते रेसलमेनिया ४० या पूर्ण वर्षात दूरचित्रवाणीवर त्याने पट्टा पणाला लावला तो तीन वेळा: ऑगस्टमध्ये जे उसोविरुद्ध, नोव्हेंबरमध्ये एल. ए. नाइटविरुद्ध आणि जानेवारी २०२४ मध्ये रॉयल रंबलला चौरंगी लढतीत. एकट्याने जिंकल्याचा हिशेब मी मांडत नाही, पैलवान नाराज होतील.

भगूरचा पैलवान

वर्षात तीन? आमच्या जत्रांच्या हंगामात पोरे एका आठवड्यात तीन करतात, आणि त्याही निकाली.

सातपूरकर

कॉलेजरोड यांचे आकडे वाचून जुने ट्रम्प कार्ड आठवले. उंची, वजन, छाती, दंड, रँक; आणि ज्याच्या हाती रँक एकचा पत्ता यायचा त्याचा माज आजच्या 'ट्रायबल चीफ' रोमनपेक्षा कमी नसायचा. आमच्या चाळीत केबल एकाच घरात होती. टेन स्पोर्ट्सवर सामना असला की त्या घरच्या मुलाची आम्ही सगळे इतकी खुशामत करायचो, की पॉल हेमनने येऊन धडे घ्यावेत.

विषयाला धरून एक विचारतो. आपल्याकडचे चॅम्पियन कोणी का आठवत नाही? खली जुलै २००७ मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला आणि सप्टेंबरमध्ये बटिस्टाकडून हरला. जिंदर महालने मे २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरवले आणि नोव्हेंबरमध्ये ए. जे. स्टाइल्सकडे पट्टा गेला, म्हणजे १७० दिवस. दोघांच्याही वेळी आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते, पण आज त्यांच्या राज्यातली एक तरी कथा सांगा म्हटले तर सुचत नाही. म्हणून मी दिवसही मोजत नाही आणि झुंजीही मोजत नाही. पाच वर्षांनी काय आठवते तेवढेच पाहतो. रोमनचे पुष्कळ आठवते.

ओझरची वाचक

मी मूळची प्रेक्षक नाही. मुलगा पाहतो म्हणून स्वयंपाकघरातून कानावर पडायचे, आणि एके दिवशी पोळ्या अर्ध्यावर टाकून बाहेर येऊन बसले. तो प्रसंग ऑक्टोबर २०२० मधल्या हेल इन अ सेलचा होता. जे उसो काही केल्या 'हरलो' म्हणायला तयार नव्हता. मार खाऊन तो उठू शकत नव्हता, तरी नाही म्हणत होता. मग त्याचा जुळा भाऊ जिमी त्याला वाचवायला आत आला, दुखावलेल्या पायानिशी. रोमनने रडत रडत त्याला जवळ घेतल्यासारखे केले आणि त्याचाच गळा आवळला. भावासाठी जेने हार मानली. त्यानंतर घरातले वडीलधारे, अफा आणि सिका, बाहेर उभे राहून रोमनच्या गळ्यात लाल माळ घालतात.

येथे सगळे पट्ट्याविषयी बोलत आहेत. मला तर ती निव्वळ भाऊबंदकी दिसली. आमच्या सासरी द्राक्षबागेचा कारभार वर्षानुवर्षे एकाच हाती होता. ते वाईट नव्हते. 'हे सगळे मी तुमच्यासाठीच करतो आहे' हे त्यांचे वाक्य त्यांना स्वतःला अगदी खरे वाटत असे, आणि पंगतीत पहिले ताट त्यांना वाढल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नसे. ज्याने विरोध केला त्याला ते रागावत नसत. त्याच्या धाकट्या भावाला शेजारी बसवून घेत. रोमन स्वतःला 'हेड ऑफ द टेबल' म्हणवतो तेव्हा मला ते ताट आठवते. पट्टा किती दिवस होता हा प्रश्न म्हणूनच मला दुय्यम वाटतो. घर फुटायला किती वेळ लागतो हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवाने सांगते, १३१६ दिवस त्यासाठी फार नाहीत.

पंचवटीकर

ताई, नमस्कार. मिसळीचा प्रश्न मागे घेतो.

नाशिकरोड पॅसेंजर

ओझरच्या ताईंचे लिखाण उत्तम आहे, पण त्यामुळे मूळ दोष झाकला जाऊ नये. घर रोमनचे होते, कबूल. परंतु त्या घरात त्याने दोन्ही पट्टे कुलूप लावून ठेवले आणि बाकीच्या गावाला काहीच उरले नाही. दोन्ही पट्टे एकाकडे आणि तो शुक्रवारीसुद्धा नेमाने नाही, म्हणून सोमवारच्या रॉ या कार्यक्रमाला स्वतःचा मुख्य चॅम्पियनच राहिला नव्हता. अखेर कंपनीला नवी वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियनशिप काढावी लागली आणि ती २७ मे २०२३ रोजी जेद्दाहमध्ये सेथ रॉलिन्सने जिंकली. गंमत अशी की तो दिवस रोमनच्या राज्याचा हजारावा दिवस होता, आणि त्या दिवशी रोमनने पट्टा पणाला न लावता सोलोबरोबर टॅग लढत केली व तीही गमावली. हजाराव्या दिवशी दुसऱ्या कोणासाठी तरी नवा पट्टा काढावा लागणे, हे त्या राज्याचे प्रगतिपुस्तक आहे असे मी मानतो.

लेस्नर असाच महिनोन्‌महिने गायब राहायचा तेव्हा आपण सगळे बोंबललो होतो. रोमनला माफी का?

देवळालीचा निवृत्त

पॅसेंजर, माफीचे कारण सांगतो. २२ ऑक्टोबर २०१८ रोजी याच माणसाने रिंगमध्ये उभे राहून आपल्याला रक्ताचा कर्करोग पुन्हा झाला आहे असे सांगितले होते आणि हाच पट्टा खाली ठेवला होता. ते कथेतले नव्हते. असा माणूस परत येऊन कमी तारखा घेतो म्हणून मी त्याला लेस्नरच्या पंगतीला बसवणार नाही.

दुसरे, त्याआधीचा रोमन आठवा. कंपनीने त्याला नायक म्हणून आमच्या गळी उतरवण्याचा किती आटापिटा केला! एप्रिल २०१७ मध्ये त्याने अंडरटेकरला हरवले आणि दुसऱ्या रात्री प्रेक्षकांनी त्याला दहाएक मिनिटे तोंड उघडू दिले नाही. शेवटी 'हे आता माझे अंगण आहे' एवढेच म्हणून तो निघून गेला. त्या हुल्लडीतून जो शिकला तो २०२०चा रोमन. आणि एक गोष्ट बहुधा कोणी लक्षात घेतलेली नाही: त्याचे राज्य सुरू झाले ते रिकाम्या सभागृहात, करोनाच्या काळात, चारी बाजूंना पडद्यांवर लोकांचे चेहरे लावून. आरडाओरडा नव्हता, म्हणून तो हळू आवाजात बोलू शकला. ती हळू बोलण्याची सवय त्याने लोक परत आल्यावरही सोडली नाही, आणि हजारो माणसे त्याचे पुढचे वाक्य ऐकण्यासाठी गप्प बसू लागली.

माझे वय पाहता मी दारासिंगांपासून सुरुवात करायला हवी होती. १९६८ मध्ये मुंबईत त्यांनी लू थेझला हरवले तेव्हा मी शाळेत होतो आणि ती बातमी आमच्याकडे सणासारखी आली होती. पण तो वेगळा धागा होईल.

सातपूरकर

काका, तो धागा काढाच. पहिला प्रतिसाद माझा.

गोदाकाठचा

सर्वांचे आभार. कॉलेजरोड यांच्या तीन झुंजींमुळे माझे म्हणणे बळकट झाले, असे काल रात्रीपर्यंत वाटत होते. मात्र देवळालीच्या काकांचा शेवटून दुसरा परिच्छेद वाचून मी २०२३ च्या उत्तरार्धातले काही भाग पुन्हा पाहिले. त्यातला १ जुलैचा, लंडनचा प्रसंग मी अन्यायाने विसरलो होतो. टॅग लढतीत जे उसोने रोमनला चीत केले, डिसेंबर २०१९ नंतर प्रथमच कोणी त्याच्यावर तीनपर्यंत मोजणी पूर्ण केली होती. पट्टा पणाला नव्हता, तरीही पट्टा गेल्यासारखे ते सभागृह उसळले. हे मॉन्ट्रियलनंतर घडले, हे मला मान्य करावे लागते. मग ऑगस्टमध्ये डेट्रॉइटला जे जिंकायला आलेला असताना जुळ्या भावानेच त्याचा पाय ओढला. पण त्यानंतर? त्यानंतरच्या आठ महिन्यांत घरातले कोणते माणूस बदलले? नोव्हेंबरची लढत मला आज आठवतही नाही. सातपूरकरांच्याच मापाने पाहा.

नाशिकरोड पॅसेंजर

म्हणजे राज्य दोन नव्हे, अडीच होती असे म्हणायचे आहे का?

ओझरची वाचक

गोदाकाठचा, तुमच्या 'त्यानंतर?' याचे उत्तर मला शेवटच्या लढतीत मिळाले. २०२४ च्या त्या सोमवारी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, आम्ही मायलेक पहाटे साडेचारला उठलो होतो आणि मुलाला वाटत होते की मी साखरेच्या गाठी आणायची आठवण ठेवावी म्हणूनच लवकर उठले आहे.

शेवटच्या काही मिनिटांत कोण कोण आले ते सर्वांना माहीत आहे: जिमी, जे, सोलो, जॉन सीना, रॉक, अंडरटेकर. पण निकाल त्यांच्यापैकी कोणी लावला नाही. सेथ रॉलिन्स शील्डच्या, म्हणजे त्याच्या आणि रोमनच्या जुन्या त्रिकुटाच्या, पोशाखात आला होता. रोमनच्या हातात खुर्ची होती, समोर कोडी होता, आणि एक फटका पुरेसा होता. तेवढ्यात त्याचे लक्ष सेथच्या त्या पोशाखाकडे गेले. जून २०१४ मध्ये याच सेथने शील्ड मोडताना त्याच्या पाठीत खुर्ची घातली होती. रोमन वळला, दहा वर्षांपूर्वीचा तो हिशेब त्याने चुकता केला आणि तेवढ्या उसंतीत कोडीने त्याला गाठले. साडेतीन वर्षे सगळ्यांना शिस्त शिकवणारा माणूस एका जुन्या दुखण्यापायी पट्टा घालवून बसला.

मॉन्ट्रियलला सॅमीने हरवले असते तर रोमन दुसऱ्याच्या चांगुलपणापुढे हरला असता. फिलाडेल्फियात तो स्वतःपुढे हरला. आमच्या बागेची वाटणी झाली तेव्हाही कारण मोठे नव्हते. वीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नातला मान निघाला होता.

कॉलेजरोडचा वाचक

ताईंचे हे निरीक्षण मला पटते, एका दुरुस्तीसह. हाच शेवट रेसलमेनिया ३९ लाही लिहिता आला असता. खुर्ची २०१४ चीच होती, ती काही २०२४ पर्यंत मुरायला ठेवावी लागत नव्हती. मात्र ते वर्ष गेल्यामुळे एक गोष्ट घडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोडीने रोमनविरुद्धच्या लढतीतली आपली जागा रॉकसाठी सोडल्यासारखे दाखवले तेव्हा प्रेक्षकांनी असा काही गदारोळ केला की कंपनीला आठवड्याच्या आत बेत फिरवावा लागला. म्हणजे शेवटी तो पट्टा कोडीला लोकांनी मिळवून दिला. २०२३ मध्ये जिंकला असता तर तो लेखकांनी दिला असता.

भगूरचा पैलवान

मी विचारले होते की एकट्याने किती जिंकल्या. उत्तर कोणी दिले नाही, पण आता त्याची गरजही वाटत नाही. जानेवारी २०२० मध्ये आपल्या नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने गदा जिंकली तेव्हा समोरचा शैलेश शेळके त्याच्याच वस्तादाचा, काका पवारांचा, पठ्ठा होता. जिंकल्यावर हर्षवर्धनने त्याला खांद्यावर उचलून घेतले. मी तो क्षण आमच्या तालमीतल्या पोरांना अजून दाखवतो. रोमनने साडेतीन वर्षांत आपल्या भावांपैकी एकालाही खांद्यावर घेतले नाही, आणि हे तुम्ही लोक इतके तपशिलाने सांगता आहात त्याअर्थी लिहिणाऱ्याने ते मुद्दाम लिहिले असणार. तेवढ्यापुरते मी त्या राज्याला मोठे म्हणतो. दिवस तरीही मोजणार नाही.

गोदाकाठचा

पैलवान, या रविवारी मिसळीला या. मॉन्ट्रियलबद्दल माझे मत ठाम होते तेवढे आता राहिलेले नाही. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र कापून टाकायलाच हवे होते, यावर मी कायम आहे. पंचवटीकर, ठिकाण व्यक्तिगत निरोपात कळवतो.

सिडकोचा स्पिअर

सर्व प्रतिसाद नीट वाचले. ताईंचा दोनदा वाचला. तरीही लॉस एंजेलिस.